चाळिशीत बाविशी

कॅलिफोर्नियात येऊन दहा-बारा वर्षं झाली, घर झालं, टेस्ला झाली, मुलगी भरतनाट्यमला जायला लागली. आता आयुष्यात नवीन काय, असं वाटत असेल तर एसआर-२२, म्हणजे गाडीचा परवाना घालवलेल्यांना लागणारा दाखला, लावून घ्या.

फार कष्ट नाहीत. दिवाळीच्या पार्टीतून निघताना "मला काही चढत नाही" म्हणायचं आणि बायकोच्या हातातली किल्ली काढून घ्यायची. चढलीय की नाही यावर घरात वाद नको; रक्तात ०.०८ टक्के भरलं की सरकारच निकाल देतं. (बिनविम्याची गाडी ठोकूनही काम होतं, पण त्यात पार्टीची मजा नाही.) पोलिसाने थांबवलं की त्याला आपला हुद्दा सांगा. तो शांतपणे ऐकेल, परवाना काढून घेईल आणि हातात एक गुलाबी कागद ठेवेल. तो कागद तात्पुरता परवाना म्हणून ३० दिवस चालतो. परवाना वाचवायला डीएमव्हीकडे, म्हणजे इथल्या आरटीओकडे, सुनावणी मागायला मात्र १० च दिवस असतात. ते "सोमवारी बघू" करत घालवा. आणि कोर्टातला खटला बारगळला की सगळं मिटलं, या समजुतीत खुशाल राहा. डीएमव्हीचा हिशेब वेगळा असतो.

आता परवाना परत हवा, तर एसआर-२२ आणा. हा विमा नव्हे. "या गृहस्थांचा विमा आहे बरं का," असं विमा कंपनीने डीएमव्हीला परस्पर कळवायचं, तो दाखला. पुण्यात डिकीतला चार घड्यांचा कागद हवालदाराला दाखवून आपण सुटत होतो. इथे तुमच्या हातच्या कागदाला कोण विचारतो? चारित्र्याचा दाखला मुख्याध्यापकांनीच द्यायचा.

दाखला पाठवायची फी साधारण २५ डॉलर. एवढंच ना, म्हणून लगेच कंपनीला फोन लावा. तुमचा पराक्रम तिला ठाऊक नसेल तर आता तुम्हीच कळवलात. चांगल्या चालकाची सवलत १० वर्षं विसरा. विमा कंपनीची कटकटच नको? कायद्यात सोय आहे: ७५,००० डॉलर डीएमव्हीकडे ठेवा. गाडीच विकून टाकता? टाका. मग बिनगाडीवाल्यांचा विमा घ्या, दाखला त्यावरही लागतो. आणि जे झालं ते कॅलिफोर्नियात झालं याचं समाधान माना. फ्लोरिडात याच कामाला एफआर-४४ लागतो. आकडा दुप्पट, विम्याची रक्कम त्याहून कितीतरी जास्त.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर आणखी एक गंमत. नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द झाल्याची ईमेल येऊ शकते, खटला उभा राहायच्या आधी. इथली नोकरी लगेच जात नाही, पण भारतात गेलात तर परतताना नवा शिक्का घ्यावा लागतो आणि त्याआधी डॉक्टरी तपासणी. आईला सांगा, यंदा प्रोजेक्ट फार आहे.

मग दाखल्याची तीन वर्षं भरेपर्यंत विम्याचे हप्ते नीट भरत राहा. चौतिसाव्या महिन्यात क्रेडिट कार्डाची मुदत संपू द्या. हप्ता परत जाईल, आलेली पत्रं जाहिरात समजून रद्दीत टाका. दाखला पाठवणारी तीच कंपनी आता विमा बंद झाल्याचं डीएमव्हीला तितक्याच तत्परतेने कळवेल, आणि परवाना पुन्हा जाईल.

डीएमव्हीच्या रांगेत पुढे पंधरा-सोळा वर्षांचं एक मराठी पोर असेल, शिकाऊ परवान्यासाठी आलेलं. मागे वळून विचारेल, "काका, तुम्हीपण पहिल्यांदाच?"

हो म्हणा.