सेंट्रल पार्कखालची पांढर

न्यूयॉर्क दाखवणाऱ्या व्हिडिओंमध्ये एक दावा हटकून येतो: ‘सेंट्रल पार्कच्या आधी तिथे दलदल, खडक आणि बेकायदा झोपड्या होत्या. सरकारने पैसे मोजून जागा घेतली, कुणाचं काही बिघडलं नाही. आणि आता तिथे जपण्यासारखं उरलंय तरी काय?’

खडक होते, दलदलही होती. पण पश्चिमेकडे, आजच्या ८२ ते ८९ व्या रस्त्यांदरम्यान, सेनेका व्हिलेज नावाचं नांदतं गाव होतं. १८५५ च्या सुमारास तिथे सव्वादोनशे माणसं राहत. त्यातली दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय, बाकी बहुतेक आयरिश. तीन चर्च आणि एक शाळाही होती.

बेकायदा? १८२५ साली अँड्र्यू विल्यम्स या बूटपॉलिशवाल्या तरुणाने इथले तीन भूखंड रीतसर खरेदी केले आणि वस्ती सुरू झाली. १८५५ पर्यंत इथल्या सुमारे निम्म्या कृष्णवर्णीय कुटुंबांची स्वतःची जागा होती. हा मुद्दा घरापुरता नव्हता. न्यूयॉर्क राज्याच्या १८२१ च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीय पुरुषाला मत हवं असेल तर २५० डॉलरची मालमत्ता दाखवण्याची अट घातली होती. गोऱ्यांवरची मालमत्तेची अट मात्र पुढच्या काही वर्षांत उठली. म्हणजे इथला भूखंड हाच मतदार होण्याचा दाखला! तत्कालीन वर्तमानपत्रांनी या लोकांना घुसखोर ठरवलं, आणि तोच शब्द आजही कॅमेऱ्यासमोर बिनदिक्कत उच्चारला जातो.

मोबदल्याचं म्हणाल, तर मालकांना तो मिळाला. विल्यम्सने ३,५०० डॉलर मागितले, हातात पडले २,३३५. भाडेकरूंना काहीच नाही. भूसंपादनाचा कायदा झाला १८५३ मध्ये, आणि त्याच वर्षी गावकरी नव्या चर्चची कोनशिला बसवत होते. १८५७ पर्यंत गाव उठलं. माणसं पांगली, पुन्हा एका जागी वसली नाहीत. घरं गेली तशी चर्चही गेली, आणि चर्च म्हणजे गावाची चावडीच.

उरलं काय? २०११ च्या उत्खननात गावातल्या विल्सन कुटुंबाच्या घराचा दगडी पाया सापडला. लोखंडी चहाची किटली सापडली, चामडी बुटाचा तळ सापडला. आपल्याकडे ओसाड गावाच्या पांढरीतही खापरं मिळतात, तसंच.

न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन भागातल्या वीक्सव्हिल या कृष्णवर्णीयांच्या वस्तीचं नशीब जरा बरं. जेम्स वीक्स या कृष्णवर्णीय माणसाने १८३८ मध्ये तिथे जमीन घेतली. १८६३ च्या सक्तीच्या सैन्यभरतीविरोधी दंगलीत, सेंट्रल पार्क जिथे आहे त्या मॅनहॅटनमधून पळालेल्या कृष्णवर्णीयांना याच वस्तीने आसरा दिला. पुढे शहराने ती गिळली. १९६८ मध्ये छोट्या विमानातून शोध घेताना हंटरफ्लाय रोडवरची चार घरं दिसली. शेजारच्या शाळेतली मुलं खोदकामाला आली आणि घरांना संरक्षण द्या म्हणून शहराच्या वारसावास्तू समितीपुढेही उभी राहिली. २०१४ मध्ये या घरांच्या शेजारी कार्यक्रमांसाठी मोठी वास्तू उघडली. २०१९ मध्ये ही घरं जपणाऱ्या संस्थेची तिजोरी रिकामी व्हायला आली, तेव्हा लोकांनी वर्गणीतून दोन लाखांहून जास्त डॉलर जमवले.