बूड टेकेना

सायकल घेतली तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, सीट माझ्या कमरेच्या हाडाला लावली आणि "पुढे हवी तशी करून घ्या" म्हणाला. त्या 'पुढे'ला आठ महिने झाले.

सीटवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत, अशी माझी बाळबोध समजूत होती. तशी सीट खाली घेतली. आठवड्याभरात गुडघ्याच्या वाट्या ठणकायला लागल्या. बायको म्हणाली, "अहो, सर्कशीतलं अस्वल बरं दिसतं."

एक जाणकार मित्र म्हणाला, गुडघा पुढून दुखला तर सीट फार खाली आहे, मागून दुखला तर फार वर आहे. मी वर घेतली. गुडघा मागून दुखायला लागला. शिवाय पाय पुरत नसल्याने दर पायडलला कंबर डावीकडे-उजवीकडे डुलायची. मागून येणाऱ्यांना मी लावणीचा सराव करत चाललोय असं वाटलं असल्यास त्यांची चूक नाही.

मग टाचेचा प्रयोग. भिंतीला धरून सीटवर बसायचं, पायडल तळाला न्यायचं, त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ झाला की सीट बरोबर. नंतर चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा, 25 ते 35 अंशांचा, बाक आपोआप राहतो. झकास जमलं. फक्त प्रयोग मी सपाता घालून केला आणि सायकल चालवली जाड तळाचे बूट घालून.

आता गणिताला शरण जाणं आलं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुस्तक मांड्यांमध्ये घट्ट वर ओढायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. मी शब्दकोश घेतला. शब्दकोशाशी इतकी जवळीक शाळेतही आली नव्हती. माप निघालं 80 सेंटिमीटर. ग्रेग लेमाँड या अमेरिकी सायकलपटूच्या नावाने चालणारं सूत्र म्हणतं, याला 0.883 ने गुणा : पायडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंत 70.64. दुसरं सूत्र म्हणतं, तळाला गेलेल्या पायडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत या मापाच्या 109 टक्के. त्यातून माझ्या दांड्याचे 17 वजा केले की 70.2. फरक साडेचार मिलिमीटरसुद्धा नाही. त्या फटीत माझे दोन महिने गेले.

एवढं करून उंची ही एकटी नांदत नाही. सीट पुढे-मागेही सरकते. त्यासाठी गवंड्याचा ओळंबा : दांडे आडवे ठेवून गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला दोरा पायडलच्या आसावर पडला पाहिजे. सुतळीला नट बांधून पाहिलं, सीट सेंटिमीटरभर मागे न्यावी लागली. पण मागे नेली की पायडल लांब जातं, म्हणजे उंची पुन्हा चुकली! सीटचं नाक वर केलं तर जिथे दुखतं त्याची चर्चा चारचौघांत होत नाही. खाली केलं तर माणूस घसरत हँडलवर येतो आणि मनगटं भरून येतात.

धीर आला तो एडी मर्क्सचा. पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला हा गडी 1969 मध्ये फ्रान्समधल्या ब्लुआच्या ट्रॅकवर जबर पडला, कंबरेला मार बसला, आणि त्यानंतर त्याचं बूड सीटवर कधी सुखाने टेकलंच नाही. शर्यत चालू असतानाही तो सीट वर-खाली करायचा. मीही खिशात ॲलन की, म्हणजे सीटचा बोल्ट फिरवायची षट्कोनी किल्ली, ठेवायला लागलो. आमच्यातलं साम्य एवढंच.

गेल्या महिन्यात मात्र अचानक सगळं थांबलं. गुडघा पुढून नाही, मागून नाही, मनगटं गप्प. तीन आठवडे मी वाट पाहिली, दुखेना. हे सुखाचं माप लिहून ठेवावं म्हणून काल टेप लावला. मी शेवटची ठेवली होती 71.4, टेप म्हणाला 70.4. दोन्ही सूत्रांच्या अगदी मधोमध!

सीटचा दांडा धरून हलवला तेव्हा उलगडा झाला. त्याचा बोल्ट ढिला होता आणि माझ्या वजनाने तो रोज थोडाथोडा खाली सरकत होता. म्हणजे आजही सरकतोच आहे. बोल्ट आवळायला हवा, पण आवळताना सीट जराशी फिरली, वर झाली तर?

सकाळपासून ॲलन की हातात धरून सायकलसमोर बसलोय. बायको दोनदा चहा ठेवून गेली.