व्हॅनिलाच्या अर्काला जाडजूड शेंगा कशाला?

घरी व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट करायच्या कृतीबरोबर शेंगांच्या निवडीचा एक सल्ला सध्या जोरात फिरतोय. तो थोडक्यात असा: शेंगा मादागास्करच्या ‘बोर्बन’च घ्या. त्या लांब, जाड, काळ्याभोर, तेलकट चमकणाऱ्या ‘ए ग्रेड’ हव्यात, ‘बी ग्रेड’ म्हणजे गाळसाळ. शेंग फाटलेली असेल किंवा तिच्यावर पांढरं काही दिसलं तर फेकून द्या. खरा स्वाद आतल्या काळ्या दाण्यांत असतो. कपभर व्होडकात चार शेंगा टाकल्या की दोन आठवड्यांत अर्क तयार, आणि वरून व्होडका ओतत राहिलं की बाटली जन्मभर पुरते.

एखादं वाक्य चुकलं असतं तर सोडून दिलं असतं. पण हा सल्ला पाळणारे महागातल्या शेंगा घेतात आणि शेवटी हातात येते ती व्हॅनिलाचा वास लागलेली व्होडका.

आधी ग्रेडचं बघू, कारण खिशाला सगळ्यात मोठी चाट तिथेच बसते. ए आणि बी या अक्षरांना जगभर चालणारं एकच मोजमाप नाही, विकणारा आपापल्या परीने ती लावतो. तरी व्यवहारात अर्थ ठरलेला आहे. ए ग्रेडमध्ये साधारण ३० ते ३५ टक्के पाणी असतं, बी ग्रेडमध्ये २० ते २५ टक्के. शिवाय ए ग्रेडमध्ये लांबी, डाग, चिरा असं रूपही पाहिलं जातं. बी ग्रेडला व्यापारात ‘एक्स्ट्रॅक्शन’ ग्रेड असंही म्हणतात. अर्क काढणाऱ्यांसाठीचा माल म्हणूनच ती विकली जाते. तिला गाळसाळ म्हणणाऱ्यांनी पाकिटावरची अक्षरं तरी वाचायची होती.

आता हिशोब करा. १०० ग्रॅम ए ग्रेड शेंगांत ३३ टक्के पाणी धरलं तर कोरडा ऐवज उरतो ६७ ग्रॅम. १०० ग्रॅम बी ग्रेडमध्ये २२ टक्के धरलं तर ७८ ग्रॅम. अर्कात जे उतरायचं ते या कोरड्या भागातूनच. म्हणजे ए ग्रेड घेताना आपण जास्त भावाने जास्त पाणी विकत घेतो आणि ते व्होडकात, जिथे आधीच निम्म्याहून जास्त पाणी आहे, नेऊन ओततो. ए ग्रेड वाईट आहे असं कुणी म्हणत नाही. कस्टर्डमध्ये किंवा आइसक्रीममध्ये शेंग उभी चिरून गर खरवडून घालायचा असेल तर मऊ, ओलसर शेंगच हवी. बी ग्रेड खरवडायला गेलं तर सुरीला धड काही लागत नाही. काम वेगळं, शेंग वेगळी.

कोरडी म्हणजे कितीही कोरडी चालते असं मात्र नाही. चांगली बी ग्रेड शेंग चामड्याच्या पट्टीसारखी लागते. बोटाभोवती गुंडाळली तर कुरकुरत का होईना, वळते. रंग काळ्याऐवजी तांबूस तपकिरी असला तरी बिघडत नाही. काडीसारखी कट्कन मोडली आणि मोडलेल्या टोकाला नाक लावूनही काही आलं नाही, तर ती परत करा. वास हीच खरी परीक्षा. पाकीट उघडल्यावर लगेच हुंगू नका, शेंगा दहा-पंधरा मिनिटं कागदावर मोकळ्या ठेवा, कोंदलेला वास जाऊ द्या, मग हुंगा. सुक्या मेव्याचा, मनुकांचा, थोडा लाकडाचा वास आला तर उत्तम. ओल्या गवताचा किंवा आंबूस वास आला तर शेंग कच्ची तोडलेली असते, किंवा तिची प्रक्रिया घाईत उरकलेली असते.

या प्रक्रियेबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ‘मादागास्करच’ या हट्टाचं उत्तर तिच्यात आहे. वेलीवरच्या हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास जवळजवळ नसतोच. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला वास देणारं मुख्य द्रव्य, तिच्यात साखरेला जोडलेल्या रूपात, म्हणजे ग्लुकोव्हॅनिलिन म्हणून, बंद असतं. परागीकरणानंतर आठ-नऊ महिन्यांनी शेंग तोडतात, ६० ते ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात काही मिनिटं बुडवतात, गरम असतानाच कापडात गुंडाळून घाम काढतात, मग ऊन आणि सावली देत वाळवतात आणि शेवटी बंद पेट्यांत काही महिने मुरवतात. या सगळ्यात शेंगेतली विकरं (एन्झाइम) ती साखर तोडतात आणि व्हॅनिलिन मोकळं होतं. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून किलोभर तयार माल निघतो. शेंग चोरीच्या भीतीने महिना-दोन महिने आधी तोडली तर पुढे कितीही मुरवा, जे साठलंच नव्हतं ते येणार कुठून? मादागास्करमध्ये ही भीती इतकी खरी आहे की अनेक शेतकरी हिरव्या शेंगांवर टाचणीने टोचून आपली खूण करतात. वाळल्यावरही ते ठिपके राहतात, त्यामुळे पाकिटात अशी ठिपक्यांची शेंग निघाली तर ती किडलेली समजू नका.

तर गावाच्या नावापेक्षा शेंग किती पिकली होती आणि कशी मुरवली, याला वजन जास्त. मादागास्कर, रियुनियन आणि कोमोरो बेटांचा माल ‘बोर्बन’ म्हणून विकला जातो, पण ही वेल मुळात मेक्सिकोकडची. रियुनियन बेटावर १८४१ मध्ये एडमंड अल्बियस या गुलामीतल्या बारा वर्षांच्या मुलाने बारीक काडीने फूल हाताने फळवण्याची सोपी युक्ती शोधली, आणि तिच्या जोरावर व्हॅनिला हिंदी महासागरातल्या बेटांचं पीक झालं. युगांडा, इंडोनेशिया, मेक्सिको इथेही व्हॅनिला प्लॅनिफोलिया हीच जात पिकते. चांगली पिकवलेली, नीट मुरवलेली इंडोनेशियाची शेंग घाईत उरकलेल्या ‘बोर्बन’ला सहज मागे टाकते. फरक खरोखर बघायचा तो जातीचा. ताहिटेन्सिस जातीत व्हॅनिलिन कमी असतं आणि बडीशेपेकडे झुकणारा फुलांसारखा सुगंध जास्त. अर्क तिचाही होतो, फक्त केकमध्ये ‘नेहमीचा व्हॅनिला’ अपेक्षित असेल तर हिरमोड होईल.

फाटलेल्या शेंगांचं उत्तर एका वाक्यात आहे: बाटलीत घालण्याआधी त्या आपण चिरणारच आहोत. शेंग वेलीवर पूर्ण पिकली की टोकाकडून उकलू लागते. दिसायला वाईट म्हणून तिचा भाव पडतो, आणि तो आपल्या पथ्यावर पडतो.

पांढऱ्या थराकडे जरा नीट बघायला हवं. शेंगेवर कधी कधी व्हॅनिलिनचेच स्फटिक येतात, आणि लोक ते बुरशी समजून चांगला माल टाकून देतात. शेंग उजेडात धरून हळूहळू फिरवा. स्फटिक बारीक सुयांसारखे असतात आणि कोन बदलला की लुकलुकतात. बुरशी चमकत नाही. ती मऊ, केसाळ, राखाडी किंवा हिरवट असते, ठिपक्याठिपक्यांनी वाढते आणि तिला दमट, कुबट वास येतो. अजून शंका असेल तर त्या जागी व्होडकाचा थेंब सोडा, स्फटिक त्यात विरघळून जातील. बुरशी निघाली तर मात्र ‘दारूत सगळं मरतं’ म्हणून ती शेंग आत ढकलू नका. बुरशी मरेल, पण तिने सोडलेली द्रव्यं आणि तो कुबट वास बाटलीतच राहील. आणि स्फटिक नसले म्हणजे शेंग हलकी, असंही समजू नका.

स्वाद दाण्यांत असतो, हाही असाच गैरसमज. ते काळे दाणे स्वतः जवळजवळ बेचव असतात. स्वाद असतो त्यांच्याभोवतीच्या चिकट गरात आणि शेंगेच्या आतल्या भागात. अर्क काढून झाल्यावर उरलेले दाणे वेगळे विकले जातात, ते केवळ पदार्थात काळे ठिपके दिसावेत म्हणून. तेव्हा दाणे खरवडून साल टाकून देण्यात शहाणपण नाही. सगळी शेंग सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे तुकडे करून घाला.

राहिलं प्रमाण. ‘चार शेंगा’ हे मापच नाही. एक शेंग दीड ग्रॅमची असू शकते तशी पाच ग्रॅमचीही. म्हणजे चार शेंगांत सहा ग्रॅम येतील किंवा वीस. अमेरिकेत एफडीए या अन्न-औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमानुसार ‘व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट’ म्हणवून घ्यायला निदान ३५ टक्के अल्कोहोल आणि गॅलनला १३.३५ औंस शेंगा लागतात, त्याही २५ टक्क्यांपर्यंत ओलावा धरून. आपल्या भाषेत लिटरला १०० ग्रॅम. कपभर, म्हणजे २४० मिलीला २४ ग्रॅम. चारही शेंगा सगळ्यात जाड निवडल्या तरी हे वजन भरत नाही. ओलसर ए ग्रेडच घरात असेल तर लिटरला ११२ ग्रॅमच्या आसपास घ्या. ४० टक्क्यांची साधी व्होडका पुरते. शेंगा मोजू नका, काट्यावर ठेवा.

दोन आठवड्यांत रंग येतो, आणि तिथेच फसगत होते. गडद रंग लवकर उतरतो, स्वाद मागून सावकाश येतो. सहा महिने तरी थांबा, वर्षभर थांबलात तर आणखी छान. घाई म्हणून बाटली गॅसवर तापवू नका, अल्कोहोलची वाफ पेट घेते. तुकडे नेहमी बुडालेले राहतील एवढं बघा.

कधीच न संपणारी बाटली ही कल्पना मलाही आवडते. पण शेंगेत जे होतं ते एकदा उतरलं की उतरलं. व्होडका ओतत गेलं की दर खेपेला अर्क पातळ होतो, आणि जुने तुकडे रंगाने साथ देत राहतात म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. बाटली चालू ठेवायची असेल तर १०० मिली काढून तेवढी व्होडका भरताना १० ग्रॅम नव्या शेंगाही घाला, आणि वापरायला पुन्हा काही महिने थांबा. म्हणून दोन बाटल्या ठेवाव्यात, एक मुरणारी आणि एक वापरातली, आणि दोन्हींवर तारीख लिहावी.