दुसऱ्याच्या फोनमधलं आपलं नाव

आमच्या चोपडा तालुक्यातल्या मंडळींच्या फोनमध्ये आता नुसतं कामापुरतं ॲप सापडणं अवघड झालं आहे. पैसे पाठवायच्या ॲपमध्ये गप्पांची सोय आहे, पिकाची माहिती देणाऱ्या ॲपमध्ये शेतकऱ्यांच्या पोस्टी आणि त्यावर लाइक आहेत. पावलं मोजणारं ॲपसुद्धा आधी 'मित्र शोधा' म्हणून संपर्कयादी मागतं. गावाकडे फोन केला की यावरून वाद निघतोच. पुतण्याचं म्हणणं सरळ आहे: लोकांना सोयीचं पडतं म्हणून ते चालतं, ज्याला नको त्याने वापरू नये. वर तो मला ऐकवतो, "काका, तुमले तठे बसीसन अठलं काय समजी?" मी जर्मनीत डुसेलडॉर्फला राहतो. त्याचा प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट देतो.

सोय खरीच आहे, ती मी नाकारत नाही. केळीची कापणी सुरू असली की सकाळी सकाळी ग्रुपवर रावेरचा आणि बऱ्हाणपूरचा भाव येतो. त्याखाली कुणी आपल्या बागेतल्या घडाचा फोटो टाकतो, माल नवती (नव्या लागवडीचा) की पिलबाग (खोडव्याचा) ते लिहितो आणि व्यापाऱ्याने प्रत्यक्षात काय दराने उचलला तेही लिहितो. जाहीर भाव एक आणि बांधावरचा भाव दुसरा, हे दुखणं आमच्याकडे जुनं आहे. दहा जणांनी आपला खरा दर उघड केला की अकराव्याला फसवणं जड जातं. 2021 च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनची खाट कुठे मिळेल हे लोकांना अशाच ग्रुपवरून कळत होतं. इथे माझ्या इमारतीत शेजाऱ्याचं नाव मला दारावरच्या पाटीवरून कळतं. गावातली माणसं एकमेकांना धरून आहेत आणि फोनने ते धरणं आणखी सोपं केलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण 'ज्याला नको त्याने वापरू नये' हे मला पटत नाही. माणसं जोडणारं ॲप मी घेतलं, की माझ्या 'हो'मध्ये इतरांचा 'हो' गृहीत धरला जातो. माझ्या फोनमध्ये मामाचा नंबर आहे, सोयऱ्यांचे आहेत, मजूर घेऊन येणाऱ्या मुकादमाचा आहे. ती यादी ॲपच्या हवाली करताना मी त्यांतल्या एकालाही विचारलेलं नसतं.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण 2018 चं. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्ला देणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात एका प्रश्नमंजुषेच्या ॲपमधून फेसबुकवरची माहिती बाहेर गेली. भारतात ते ॲप घेतलेली माणसं 335 होती आणि ज्यांची माहिती गेली असावी असं फेसबुकने सांगितलं ती जवळपास 5 लाख 62 हजार. उरलेल्यांचा दोष एवढाच, की ते कुणाच्या तरी मित्रयादीत होते. त्यांनी काय वापरायचं नाकारलं असतं?

आमच्या नात्यातल्या एका मुलाने पेरणीच्या दिवसांत मोबाइलवरच्या एका ॲपवरून थोडं कर्ज घेतलं. हप्ता थकला तेव्हा त्याच्या बहिणीच्या सासरी मेसेज गेला, त्याच्या फोटोवर 'फसवणूक करणारा' असं लाल अक्षरांत लिहिलेलं. तारण म्हणून त्याने ना सातबारा दिला होता ना सोनं. तारण होती त्याची संपर्कयादी, म्हणजे नातेवाइकांमधली त्याची अब्रू. खान्देशात लग्न, उसनवारी, अडीनडीला लागणारा ट्रॅक्टर, सगळं ओळखीवर चालतं. तिथे हे हत्यार किती खोल लागतं, हे शहरात बसून ॲप बनवणाऱ्यांना नेमकं ठाऊक असतं. रिझर्व्ह बँकेने 2022 च्या सप्टेंबरमध्ये डिजिटल कर्जाचे नियम काढले आणि कर्ज देणाऱ्या ॲपना फोनमधली संपर्कयादी, फोटो, कॉलची नोंद उघडायला मनाई केली. नियम चांगला आहे, पण तो कर्जापुरता आहे. खेळाच्या किंवा खरेदीच्या ॲपने तीच यादी का मागावी, हे त्याला कुणी विचारत नाही.

आणि राईनपाडा. साक्री तालुक्यातल्या त्या गावात 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारलं. व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या मेसेजमुळे ते दिवस भीतीने भारलेले होते. मेलेले लोक त्या गप्पांत कुठेच नव्हते. 'ज्याला नको त्याने' हा न्याय त्यांना कसा लावायचा? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे पाठवण्याचं बटण किती मोकळं ठेवायचं, हे ठरवणं कंपनीच्या हातात आधीही होतं.

इथे युरोपात हा प्रश्न माणसाच्या सावधपणावर सोडलेला नाही. माझ्याच शहरातल्या न्यायालयात एका ग्राहक संघटनेने कपड्यांच्या ऑनलाइन दुकानाविरुद्ध दावा लावला होता. दुकानाच्या पानावर फेसबुकचं लाइक बटण होतं. ते दाबलं नाही, फेसबुकवर खातं नसलं, तरी पान उघडताच माहिती तिकडे जायची. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि 2019 च्या जुलैमध्ये निकाल लागला: असं बटण बसवणारा दुकानदारही त्या माहितीच्या संकलनाला आणि पाठवण्याला जबाबदार. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो, कारण फेसबुकवर नसलेल्या माणसाचाही त्यात विचार आहे. 2024 च्या मार्चपासून तर व्हॉट्सॲपला युरोपात दुसऱ्या कंपन्यांच्या मेसेज सेवांसाठी दार उघडण्याचं बंधन आहे, म्हणजे व्हॉट्सॲप न घेताही त्यावरच्या माणसाला मेसेज पाठवता यावा. इथली कचेरी साध्या कामाला पत्राने उत्तर देते, त्यात आठवडे जातात, त्याचा जाच मीही सोसतो. पण मुलीच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपमध्ये मी नाही, म्हणून तिची कुठली सूचना चुकली असं झालेलं नाही.

भारतात स्पर्धा आयोगाने 2024 च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सॲपच्या गोपनीयता धोरणावरून त्याची मालक कंपनी मेटा हिला 213 कोटींचा दंड केला. माहिती संरक्षणाचा कायदा 2023 चा, त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरमध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. या मुदतीतच बोलायला हवं. ॲपने संपर्कयादी मागितली, ती नाकारली, तरी काम अडता कामा नये आणि हे प्रत्येक ॲपला लागू हवं. राज्य सरकारने 2025 च्या फेब्रुवारीत मेटाशी करार करून सरकारी सेवा व्हॉट्सॲपवर आणायचं ठरवलं. पुतण्या त्यावर खूश आहे. दाखल्यासाठी तालुक्याची फेरी वाचणार असेल तर मीही खूश आहे. मात्र तोच दाखला, तितक्याच दिवसांत, सेतू केंद्राच्या खिडकीवरही मिळाला पाहिजे. ज्या आजीच्या फोनला फक्त बटणं आहेत तिला 'नातवाला सांगा' म्हणून परत पाठवलेलं मला चालणार नाही. केळीचा भाव ग्रुपवर यावा आणि बाजार समितीच्या फळ्यावरही रोज लिहिला जावा. पुतण्याने फळ्याचं मान्य केलं आहे. संपर्कयादीवरून आमचं अजून जुळलेलं नाही.