रेंज होती, परवानगी नव्हती

कोकणात ॲप बनवणाऱ्याला बाकीच्या जगापेक्षा एक सोय जास्त आहे. काहीही बिघडलं की दोष द्यायला पाऊस आहे. पाऊस नसेल तर लाईट आहे, लाईट असेल तर रेंज आहे, आणि तिन्ही धड असतील तर तो बहुधा रविवार असतो आणि माणूस मासे आणायला गेलेला असतो. या सोयीचा तोटा असा, की फ्लटरची चूक कोणती आणि आभाळाची कोणती हे ओळखायला आपण शिकतच नाही. ॲप बांधून देणाऱ्या ग्रेडलने मान टाकली तरी आधी खिडकीबाहेर बघतो.

फ्लटर म्हणजे काय हे शेजारच्या काकांना सांगायचं तर मी बांधावरच्या माडाचं उदाहरण देतो. झाड एक, नारळ दोन्ही परड्यांत पडतात. तसं डार्ट भाषेत एकदा लिहायचं आणि ॲप अँड्रॉइडवरही चालायचं, आयफोनवरही. गूगलने डिसेंबर २०१८ मध्ये फ्लटरची १.० आवृत्ती काढली तेव्हापासून हेच सांगितलं जातंय आणि ते खोटं नाही. काका मात्र व्यवहारी. ते विचारतात, "आणि माडाक पाणी कोण घालता?"

मेख तिथेच आहे. पाणी दोन्ही परड्यांतून वेगवेगळं घालावं लागतं. अँड्रॉइडच्या बाजूने ग्रेडल, आयफोनच्या बाजूने ॲपलचं तसंच साधन, एक्सकोड. एक्सकोड फक्त मॅकवर चालतो, आणि ॲप स्टोअरवर जायचं तर वर्षाला ९९ डॉलर मोजायचे. फुकटच्या ॲपल खात्यावरून मुंबईच्या भाच्याच्या आयफोनवर ॲप चढवता येतं, पण ते सात दिवस चालतं. आठव्या दिवशी भाचा फोन करतो. त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक नारळ एकाच परड्यात पडतात. आयफोनचा विषय मी इथेच सोडतो. मॅक असलेल्यांनी आपली दुःखं वेगळी लिहावीत.

ॲप चालवून बघायला "फ्लटर रन" हा हुकूम सोडल्यावर पहिल्यांदा पडद्यावर एकच ओळ येते: रनिंग ग्रेडल टास्क असेंबल-डीबग. पुढे एक काडी गोल फिरत राहते. काडी फिरत असताना मागे काय चाललंय हे कोणी सांगत नाही. मागे ग्रेडल आधी स्वतःलाच नेटवरून उतरवून घेत असतं, मग अँड्रॉइडचं प्लगइन (जोडभाग), मग कॉटलिन ही भाषा, मग लायब्रऱ्यांची, म्हणजे आयत्या कोडाची, वरात. घरी आलेल्या पाहुण्याने आधी स्वतःसाठी खाट विकत आणायला पाठवावं, तसा हा प्रकार. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हे चालू असेल तर रोजच्या डेटाचा कोटा दुपारच्या जेवणाआधी संपतो. काडीमागचं बघायचं असेल तर "फ्लटर रन"च्या पुढे डॅश व्ही लावा. मग सगळं दिसतं. कळत नाही, पण दिसतं, आणि निदान काम चालू आहे की अडकलंय एवढा तरी उलगडा होतो.

डेटा वाचवायचा एक साधा उपाय आहे. प्रोजेक्टच्या अँड्रॉइड फोल्डरात ग्रेडल, त्यात रॅपर, त्यात ग्रेडल-रॅपर डॉट प्रॉपर्टीज ही फाईल. तिच्यात डिस्ट्रिब्युशन-यूआरएलच्या ओळीच्या शेवटी "ऑल" असतं, ते "बिन" करा. "ऑल"मध्ये ग्रेडलचा सोर्स आणि सगळी माहितीपुस्तकं येतात. ती आजवर कोणी उघडलेली माझ्या ऐकिवात नाहीत.

आणि समजा हे उतरवणं चालू असताना लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, राऊटर मात्र जातो. फाईल अर्धवट राहते, आणि लाईट आल्यावर ग्रेडल कधी कधी त्या अर्ध्या फाईललाच पूर्ण समजून उघडायला जातं. मग येते "एरर इन ओपनिंग झिप फाईल". इथे लोक फ्लटर काढून पुन्हा टाकतात, अँड्रॉइड स्टुडिओ काढून पुन्हा टाकतात, एखादा विंडोजही पुन्हा टाकतो. करायचं एवढंच असतं: आपल्या होम फोल्डरात डॉट-ग्रेडल, त्यात रॅपर, त्यात डिस्ट्स. तिथे ज्या आवृत्तीवर घोडं अडलंय तिचं फोल्डर उडवा आणि पुन्हा चालवा. "टाइमआउट ऑफ १२०००० रीच्ड" असं आलं तर ते मिलिसेकंद आहेत, म्हणजे दोन मिनिटं. आधीची एखादी जावा प्रोसेस मेलेली नसते, ती फाईल धरून बसलेली असते. टास्क मॅनेजरमधून तिला निरोप द्या.

दुसरा प्रकार जास्त गूढ. फ्लटरच्या नव्या टेम्प्लेटमध्ये ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज या फाईलमध्ये जावाला ८ जीबीपर्यंत मेमरी वापरायची मुभा दिलेली असते, शिवाय मेटास्पेसला, म्हणजे जावाच्याच एका वेगळ्या कप्प्याला, ४ जीबी. आपल्या लॅपटॉपची सगळी मिळून मेमरी ८ जीबी. त्यातली निम्मी विंडोजने आणि क्रोमने आधीच खाल्लेली. बिल्ड, म्हणजे ॲपची बांधणी, रंगात येते आणि एकाएकी संदेश येतो: ग्रेडल बिल्ड डीमन डिसअपिअर्ड अनएक्सपेक्टेडली, म्हणजे पडद्यामागे राबणारं ग्रेडलचं भूत एकाएकी नाहीसं झालं. कोकणात भूत गेलं तर लोक कोंबडा देतात. इथे भूत गेलं की काम थांबतं. ८ जीचं २ जी करा, मेटास्पेस १ जी करा, आणि एम्युलेटरचा, म्हणजे लॅपटॉपवरच्या नकली फोनचा, नाद सोडून खरा फोन जोडा. भूत परत येतं आणि नांदतं.

हे माहीत नसलेला माणूस "फ्लटर क्लीन" करतो. हे म्हणजे आपल्या धंद्यातलं गाऱ्हाणं आहे. कशावरही चालतं, आणि घातल्यावर बरं वाटतं. "बा देवा ग्रेडला म्हाराजा, आज ह्या पोरान जी काय चूकभूल केली आसात, खंयचा जुना प्लगइन घातला आसात, खंयचो कंस इसारलो आसात, तां सगळा पोटात घाल, आणि तेच्या बिल्डाक यश दे रे म्हाराजा!" बाजूला बसलेला सहकारी सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणतो. प्रत्यक्षात "क्लीन"ने प्रोजेक्टमधलं बिल्ड आणि डॉट-डार्ट-टूल ही फोल्डरं पुसली जातात, होम फोल्डरातल्या डॉट-ग्रेडलला धक्का लागत नाही. म्हणजे रोग जिथे आहे तिथे बहुतेक वेळा हात पोचतच नाही, आणि पुढची बिल्ड पहिल्यापासून होते. क्लीन करा, पण प्लगइन बदललं किंवा आवृत्ती चढवली असेल तेव्हा. उठता-बसता नको.

जुन्या प्लगइनचा विषय निघालाच आहे म्हणून: "नेमस्पेस नॉट स्पेसिफाइड" हे अँड्रॉइडच्या ग्रेडल प्लगइनच्या आठव्या आवृत्तीपासून सुरू झालं. तिला जावा १७ लागतं आणि प्रत्येक प्लगइनने आपलं नेमस्पेस, म्हणजे स्वतःचं वेगळं नाव, सांगितलेलं लागतं. ज्याने तीन-चार वर्षांत फाईल उघडलेली नाही त्याचं प्लगइन ते सांगत नाही. पब-कॅशमध्ये, म्हणजे उतरवलेली प्लगइनं साठतात त्या फोल्डरात, शिरून त्याची फाईल स्वतः दुरुस्त करणारे वीर आहेत. ती दुरुस्ती त्यांच्याच लॅपटॉपवर राहते, तीही कॅश पुसेपर्यंत. प्लगइनची नवी आवृत्ती घ्या, नसेल तर प्लगइनच बदला.

आता आंब्याकडे येऊ. आपल्याकडे ॲप म्हटलं की दहातली सात आंब्याच्या ऑर्डरची असतात. (हा आकडा माझ्या खुर्चीवरून दिसतो तेवढाच.) स्क्रीन आधी इंग्रजीत बनते, छान दिसते. मग बागायतदार म्हणतात, मराठीत करा. "बुक" लिहिलेल्या जागी "मागणी नोंदवा" येतं, "५ डझन, राइप"च्या जागी "रत्नागिरी हापूस, पाच डझनाची पेटी, तयार फळ" येतं, आणि स्क्रीनच्या उजव्या कडेला घाटातल्या कठड्यासारखे काळे-पिवळे पट्टे उमटतात. रेंडरफ्लेक्स ओव्हरफ्लोड बाय ४२ पिक्सेल्स, म्हणजे मजकूर ४२ ठिपके बाहेर सांडला. रो-मधला, म्हणजे आडव्या रांगेतला, टेक्स्ट एक्स्पांडेडमध्ये, म्हणजे उरलेल्या जागेत मावणाऱ्या डब्यात, गुंडाळला की तो दुसऱ्या ओळीवर उतरतो. शेवटी तीन टिंबं लावायचा सोपा मार्ग घेऊ नका. "रत्नागिरी हापूस, पाच…" यातून पाच डझन की पाच पेट्या यावर फोनवर अर्धा तास जातो. आणखी एक लक्षात ठेवायचं: हे पट्टे फक्त डीबगमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या आवृत्तीत, दिसतात. रिलीजमध्ये, म्हणजे लोकांना द्यायच्या आवृत्तीत, मजकूर नुसता कापला जातो, सूचना न देता.

टेक्स्टस्टाइलमध्ये "हाइट", म्हणजे ओळीची उंची, एकवर आवळून डबा ठरावीक उंचीचा केला की वरच्या मात्रा-रफार आणि खालचे उकार कापले जातात. "पूर्ण पैसे" लिहिलेलं "पण पस" वाचलं जातं, आणि गिऱ्हाईक त्या "पण"चा अर्थ आपल्या सोयीने लावतं. देवनागरीला १.४ च्या आसपास जागा द्या.

सगळ्यात वाईट चूक आकड्यांची. फोनला मराठी कीबोर्ड असेल तर माणूस पेट्यांच्या रकान्यात "१२" टाकतो. मजकुराचा आकडा करणाऱ्या डार्टच्या इंट-पार्सला फक्त इंग्रजी आकडे कळतात. ते फॉरमॅट-एक्सेप्शन ही एरर फेकतं. म्हणून शहाणा प्रोग्रामर ट्राय-पार्स वापरतो आणि जमलं नाही तर शून्य धरतो. आता ॲप कोसळत नाही. बारा पेट्यांची ऑर्डर शून्य पेट्यांची होऊन शांतपणे नोंदली जाते, आणि दोष जातो ऑर्डर लिहून घेणाऱ्या वहिनींवर. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६, इंग्रजी शून्याचा ४८. प्रत्येक देवनागरी आकड्याच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की इंग्रजी आकड्याचा क्रमांक मिळतो. पार्स करण्याआधी एवढं एक फंक्शन फिरवा. उलट बाजूही सांभाळा. तारखा मांडून देणाऱ्या इंटल पॅकेजला मराठी लोकेल, म्हणजे भाषेची खूण, दिलं की तारखा देवनागरी आकड्यांत येतात. दिसायला गोड, पण तीच तारीख सर्व्हरला पाठवली तर सर्व्हर ती ओळखत नाही. दाखवायची तारीख वेगळी, पाठवायची वेगळी.

फोन जोडण्याबद्दल थोडक्यात. खाऱ्या हवेने टाइप-सी केबलची टोकं काळवंडतात, आणि स्वस्त केबलींत कधी कधी डेटाच्या तारा नसतातच, नुसतं चार्जिंग होतं. अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंग, म्हणजे केबलीशिवाय फोन जोडायची सोय, आहे. जोडी जमवतानाचा पोर्ट आणि नंतर कनेक्ट करायचा पोर्ट वेगवेगळे असतात, हे एक वाक्य ज्याने आधी सांगितलं असतं त्याला मी पेटी पाठवली असती.

ॲप तयार झालं की प्ले स्टोअर. खात्याचे एकदाच २५ डॉलर. सही करायची कीस्टोअर फाईल लॅपटॉपच्या बाहेरही एका ठिकाणी ठेवा, आणि ते ठिकाण त्याच घरात नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा किनाऱ्यावरच्या घरांची कौलं उडाली, आणि कपाटातला पेनड्राइव्ह कौलांच्या खालीच असतो. प्रोजेक्टच्या पबस्पेक फाईलमध्ये आवृत्तीपुढे अधिकचं चिन्ह आणि एक अंक असतो, तो दर वेळी वाढवा; नाहीतर स्टोअर म्हणतं, हा नंबर वापरून झालाय.

त्यानंतर परीक्षक. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणी करावी लागते. आधी २० माणसं लागायची, डिसेंबर २०२४ पासून १२, आणि त्यांनी सलग १४ दिवस नाव नोंदवून राहायचं. बारा माणसं जमवायला गणपतीसारखा मुहूर्त नाही, अख्खी वाडी भरलेली असते. फक्त आपला गणपती पाच दिवसांत जातो, आणि गूगलचा चौदा दिवस बसवून ठेवायचा.

या बारा जणांच्या फोनवर जे ॲप जातं ते रिलीजचं. आणि इथे फ्लटरच्या टेम्प्लेटमधला जुना खड्डा आहे. इंटरनेट वापरायची परवानगी डीबगच्या आणि प्रोफाइलच्या अँड्रॉइड-मॅनिफेस्ट फाईलमध्ये, म्हणजे ॲपच्या परवानग्या लिहायच्या फाईलमध्ये, आधीपासून लिहिलेली असते, कारण हॉट रीलोडला, म्हणजे केलेला बदल चालू ॲपमध्ये लगेच दाखवायला, ती लागते. मेन फोल्डरातल्या मॅनिफेस्टमध्ये ती नसते. आपण लिहायची असते. आपल्या टेबलावर महिनाभर सगळं धावतं, रिलीज केल्यावर ॲप नेटशी अबोला धरतं. कधी एखादं प्लगइन आपल्या मॅनिफेस्टमधून ही परवानगी घेऊन येतं आणि चूक झाकली जाते. ते प्लगइन काढलं की उघडी पडते. उपाय एका ओळीचा: मेनच्या मॅनिफेस्टमध्ये, ॲप्लिकेशनच्या टॅगच्या वर, यूझेस-परमिशन इंटरनेट. आणि कोणाला देण्याआधी एकदा केबल लावून "फ्लटर रन डॅश डॅश रिलीज".

कोकणात ही चूक सापडायला सगळ्यात जास्त वेळ का लागतो, तर परवानगी नसताना येणारी एरर आणि खरोखर रेंज नसताना येणारी एरर अक्षरशः एकच आहे. सॉकेट-एक्सेप्शन, फेल्ड होस्ट लुकअप, एररनंबर ७. त्याच फोनवर क्रोममध्ये एखादं पान उघडून बघितलं तर दहा सेकंदांत निकाल लागतो: पान उघडलं तर दोष मॅनिफेस्टचा. पण तसं कोणी बघत नाही. माणसं फोन घेऊन आधी खळ्यात जातात, मग गडग्यावर चढतात, मग सड्यावर. सड्यावर चारही दांड्या भरतात, ॲप मात्र तसंच गोल फिरत राहतं, आणि वर आलेला माणूस समुद्र बघून, दोन फोटो काढून खाली येतो.

चाचणी संपल्यावर परीक्षकांचं म्हणणं काय ते गूगल विचारतं, म्हणून चौदाव्या दिवशी वाडीतून गोळा करायला निघावं. बाराच्या बारा जणांचं उत्तर एकच असतं, आणि ते अगदी मनापासून दिलेलं असतं.

"ॲप बरा आसा मरे. आमच्याकडे रेंज नाय."