काकूंच्या सातबाऱ्यावर काका अजून जिवंत होते

2024च्या ऑगस्टमधली गोष्ट. काकू आणि मी त्यांच्या सोयाबीनच्या रानात उभ्या होतो. माझ्या हातात फोन, त्यात ई-पीक पाहणीचं ॲप. उन्हामुळे स्क्रीनवर काही दिसेना, म्हणून काकूंनी पदर ताणून फोनवर सावली धरली. तालुका निवडला, गाव निवडलं, गट नंबर टाकला. खातेदार म्हणून जे नाव आलं ते काकांचं. काका जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. काकूंनी ते नाव मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "मंग ही पेरणी त्यांनीच केली म्हणायची का?"

पेरणी, खुरपणी, फवारणी सगळं काकूंनी केलेलं. त्या प्रश्नाचं उत्तर ॲपकडे नव्हतं, आणि तेव्हा माझ्याकडेही नव्हतं.

मी या ॲपच्या बाजूने आहे, हे आधीच सांगते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्याने आपला पेरा आपण नोंदवायची सोय झाली. त्याआधी पीकपेरा तलाठ्याने लिहायचा, आणि बऱ्याच गावांत तो बांधावर न जाता, बसल्या जागेवरून लिहिला जायचा. रानात कापूस आणि सातबाऱ्यावर ज्वारी, हे आम्ही लहानपणापासून पाहिलंय. आता पिकात उभं राहून फोटो काढायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश सोबत जातात, चूक झाली तर 48 तासांत आपली आपल्याला दुरुस्त करता येते. गाव नमुना बारा, म्हणजे सातबाऱ्यातला पिकांच्या नोंदीचा भाग, इतकी वर्षं सरकारी हातात होता, त्यावर पहिल्यांदा कास्तकार स्वतः लिहू लागला. याचं मोल मोठं आहे. 2025च्या सप्टेंबरात मराठवाड्यात रानंच्या रानं पाण्याखाली गेली. वाहून गेलेल्या पिकाचा फोटो कुठून काढणार? ज्यांनी ऑगस्टमध्येच नोंद केली होती, त्यांच्या हातात निदान पेऱ्याचा पुरावा होता.

पण ॲप ज्या सातबाऱ्यावर उभं आहे, तो सातबाराच जुना असेल तर? मेलेल्या माणसाच्या नावावर पेरा चढतो, अनुदान आलं की आधार जुळत नाही, आणि कष्ट करणारी बाई तहसीलच्या पायऱ्यांवर बसते. 2023च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी सरकारने हेक्टरी 5000 रुपये जाहीर केले आणि यादी ई-पीक पाहणीवरून केली. नोंद नसलेल्यांची नावं यादीत आलीच नाहीत. ओरड झाली, तेव्हा कुठे सातबाऱ्यावर पीक असलेल्यांना सामावून घेतलं गेलं. आमच्या बचत गटातल्या कितीतरी जणींना त्या वेळी पहिल्यांदा कळलं की असं काही ॲप असतं.

काकूंचं काम मार्गी लागलं ते 2025च्या एप्रिलमध्ये, जिवंत सातबारा मोहिमेत. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची ही मोहीम. तिची सुरुवात चावडी वाचनाने होती. गावात बसून खातेदारांची यादी मोठ्याने वाचायची, कोण हयात आहे, कोण गेलं, वारस कोण, हे गावानेच सांगायचं. त्या सकाळी मी मारुतीच्या पारावर होते. एक नाव आलं, वारस म्हणून दोन मुलगे सांगितले गेले. मागून एक म्हातारी म्हणाली, "आन् दोन लेकी हायत की त्याला. एक परभणीला दिली, एक जिंतूरला." क्षणभर कुणी बोललं नाही. मग त्या दोघींची नावं लिहिली गेली.

दोन लेकी आहेत हे त्या म्हातारीला ठाऊक होतं, कारण त्यांच्या लग्नात तिने पोळ्या लाटल्या होत्या. कुठल्याही सर्व्हरवर ही माहिती नव्हती. ती तिथे पोचली, कारण यादी चारचौघांत मोठ्याने वाचली गेली.

राजस्थानात हेच घडलंय, आणि तिथला क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. मजदूर किसान शक्ती संघटना 1990 मध्ये राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरीत उभी राहिली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही त्यातली माणसं. 1994 पासून त्यांनी जनसुनवाया सुरू केल्या. सरकारी कामाचे हजेरीपट गावासमोर वाचायचे, बस्स. मेलेल्यांची नावं मजूर म्हणून निघाली, गाव सोडून गेलेल्यांच्या नावावर मजुरी उचललेली निघाली. 1996 मध्ये माहितीच्या हक्कासाठी ब्यावरला 40 दिवस धरणं झालं, पुढे 2005 मध्ये देशभराचा माहिती अधिकार कायदा आला. पंचायतीच्या भिंतींवर हिशेब रंगवले जाऊ लागले. एवढं सगळं झाल्यावर, 2019च्या सप्टेंबरात, राजस्थान सरकारचं जनसूचना पोर्टल आलं. कुणाला किती रेशन मिळालं, कुणाच्या नावावर किती दिवस मजुरी पडली, ते न मागता उघडं. ते पोर्टल उघडून काय शोधायचं, हे तिथल्या माणसांना आधीच माहीत होतं, कारण पंचवीस वर्षं ती तेच प्रश्न विचारत होती.

आपल्याकडे ॲप आधी येतं आणि प्रश्न विचारायची सवय नंतर लागेल, असं धरलं जातं. ती आपोआप लागत नाही.

आणि काही गोष्टींना तर ॲप हातच लावत नाही. आमच्या भागात कितीतरी रान बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याकडून केलं जातं. नांगर बटईदाराचा, बी त्याचं, पण नोंद मालकाच्या नावाने. मालक बटईदाराचं नाव कागदावर येऊ देत नाही, कारण उद्या तो कूळ म्हणून हक्क सांगेल ही भीती मनात घट्ट बसलीय. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, माझ्या माहेरीही ती होती. पण गारपिटीची भरपाई मालकाच्या खात्यावर येते आणि नुकसान बटईदाराचं होतं. यावर वाट कायद्यातूनच निघेल, आणि तोवर निदान गावाने हे उघड बोलायला हवं.

काकूंबद्दल सांगायचं राहिलं. वारसांची नावं लावायचा फेरफार मंजूर झाला. गेल्या खरिपात ॲप उघडलं तर काकूंचं नाव, त्यांच्या तिन्ही लेकरांचं नाव. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये मागतात, आम्ही एकर-गुंठ्यात बोलतो, म्हणून दीड एकराचे 0.60 मी बोटावर मोजून सांगितले. सोयाबीनमध्ये तूर आहे, तर निर्भेळ नको, मिश्र पीक टाक, हे काकूंनी मला सांगितलं. फोटोचं बटण त्यांनीच दाबलं.

त्याच ॲपमध्ये गावाची पीक पाहणी बघायची सोय आहे. कुणी काय पेरलं ते सगळ्यांना दिसतं, पण बहुतेकांना हे माहीतच नाही. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती यादी मोठ्याने वाचा, असा अर्ज आम्ही पंधरा जणींनी सह्या करून ग्रामपंचायतीत दिलाय. पोच घेतलीय. तुमच्या गावात असं वाचन कधी झालं असेल तर कसं केलं ते लिहा. पुरुषांनी मध्येच उठून जाऊ नये म्हणून काय केलंत, ते तर नक्की लिहा.