मामा, तीस हजाराचा हेडफोन घेऊ का?

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज. "मामा, तीस हजाराचा हेडफोन घेऊ का? सेल आहे, उद्या रात्री संपतोय." उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच टाकतो, कारण हा प्रश्न महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. मी सबटायटल आणि ट्रान्सक्रिप्शनची कामं करतो, दिवसाचे सहा-सात तास कानावर काहीतरी चढवलेलं असतं, त्यामुळे नातेवाइकांत हेडफोनचा डॉक्टर मीच.

आधीच सांगतो, मी काही महाग हेडफोनच्या विरोधात नाही. माझ्याकडे आहे एक, त्याच्याबद्दल पुढे बोलतो. पण तीस हजार म्हणजे चांगला आवाज आणि तीन हजार म्हणजे भंगार, हे जे डोक्यात बसलंय ना, ते आधी काढा.

भाऊबीजेला सगळे जमले होते तेव्हा आम्ही टेस्टच घेतली. माझे अकराशे रुपयांचे वायरवाले आयईएम (कानात घट्ट बसणारे, सिलिकॉनचं बोंडूक असलेले) आणि भाच्याच्या मित्राचा नवाकोरा तीस हजारी. डोळ्यांवर पंचा बांधला. आता हा मूर्खपणाच, कारण एक कानात जातो आणि दुसरा डोक्यावर बसतो, पंचा बांधून काय कळायचं राहणार! पण एक मजा कळली. ज्याचा आवाज किंचित मोठा ठेवला होता तोच प्रत्येकाला "क्लिअर" वाटत होता. अकराशेवाल्याचा व्हॉल्यूम दोन काडी वाढवला की बहीण म्हणायची "हा महागवाला ना?" दुकानात डेमो ऐकून आपण असेच फसतो. जरा मोठ्याने वाजवलं की माणसाला चांगलंच वाटतं, हे ऑडिओवाल्यांना कधीचं माहितीये.

मग भाच्याला एकाच हेडफोनवर एकच गाणं दिलं, एकदा ३२० केबीपीएस एमपी३ (दाबून लहान केलेली फाइल) आणि एकदा लॉसलेस (काहीच न कापलेली), असं दहा वेळा, आणि ओळख म्हटलं. पाच बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पाचच आली असती. आणि हा गडी लॉसलेसचं वेगळं सबस्क्रिप्शन भरतो!

२०१७ साली येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोनची मापं घेऊन एक पेपर लिहिला होता, अमेरिकेतल्या ध्वनिशास्त्राच्या जर्नलमध्ये आला होता तो. त्याचं म्हणणं, हेडफोनचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि त्याची किंमत यांचा एकमेकांशी काही संबंधच सापडत नाही. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणजे सोप्या भाषेत खर्ज किती, मधला आवाज किती, वरचा किती, हे प्रमाण. आमटीत मीठ, तिखट, गूळ असतो तसं. ते एकदा जमलं की बरंचसं काम झालं, आणि ते जमवायला भारी भांडं लागतंच असं नाही. हल्ली हजार-दीड हजाराचे चायनीज आयईएम ते जमवतात, दहा-पंधरा वर्षांपूर्वी या पैशात हे मिळत नव्हतं.

डब्यावरच्या स्टिकरचं तर बोलायलाच नको. 'हाय-रेझ ऑडिओ', ४०,००० हर्ट्झ, म्हणजे इतक्या उंच पट्टीपर्यंत वाजतो म्हणे! माणसाचा कान तरुणपणी फार तर २०,००० पर्यंत जातो. मी सत्तेचाळीस वर्षांचा, परवा टोन लावून बघितलं, तेरा हजाराच्या वर शांतता. लेक बाजूच्या खोलीतून ओरडली, "बाबा ते बंद करा, कान दुखतायत." म्हणजे वाजत होतं, मला ऐकू येत नव्हतं. उरलेले सत्तावीस हजार हर्ट्झ कोणासाठी, वटवाघळांसाठी?

मग तीस हजार जातात कुठे? बरेचसे जातात शांततेत. नॉइज कॅन्सलिंगमध्ये. बाहेरचा माइक आवाज पकडतो, आतलं सर्किट त्याच्या बरोब्बर उलटी लाट सोडतं आणि दोन्ही एकमेकांना खातात. बोस कंपनीचे अमर बोस (वडील बंगाली, स्वातंत्र्य चळवळीतले) १९७८ साली विमानात बसलेले असताना इंजिनाच्या घरघरीत हेडफोनमधलं धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी विमानातच बसून याचं गणित मांडायला घेतलं. सामान्य गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ते यायला २००० साल उजाडलं.

आणि खरं सांगू का, तुझा रोजचा प्रवास डोंबिवली ते ऐरोली असेल तर याला पैसे देण्यात अर्थ आहे. लोकलची ती खालच्या पट्टीतली सलग घरघर, पंख्याचा आवाज, हे अर्ध्याहून जास्त गायब होतं. मग गाणं ऐकायला व्हॉल्यूम कानठळ्या बसेपर्यंत न्यावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालेल, पण ९० ला गेलात की फक्त ४ तास. ट्रेनमध्ये शेजाऱ्याला आपलं गाणं ऐकू जाईल असं लावणारी जी पोरं असतात ना, त्यांचा आठवड्याचा कोटा मंगळवारीच संपत असणार. पण शेजारच्या टेबलावरची दोन माणसं, कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, हे मात्र तितकं मरत नाही. अचानक येणारे आणि वरच्या पट्टीतले आवाज पकडणं त्याला जड जातं. आणि उलटा धोकाही आहे. हाच भाचा मित्राचा हेडफोन घालून गेला आणि ठाण्याला उतरायचं ते एक स्टेशन पुढे मुलुंडला उतरला.

आता माझं दुखणं. २०१९ साली मी २४ हजाराचा एक ब्लूटूथ घेतला, नाव घेत नाही. पहिली दोन वर्षं अक्षरशः स्वर्ग. तिसऱ्या पावसाळ्यात कानावरच्या पॅडचं ते लेदरसारखं दिसणारं जे असतं ते पापुद्रे धरून सुटायला लागलं. घाम आणि दमट हवा, दुसरं काय. हेडफोन काढला की कानाभोवती काळे तुकडे, पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर काळे तुकडे, चहात एकदा. लेक म्हणाली "बाबा, तुमच्या कानातून काजळी गळतीये." चौथ्या वर्षी बॅटरी, जी सुरुवातीला दोन दोन दिवस चालायची, ती तीन तासांवर आली. सर्व्हिस सेंटरला नेला तर काउंटरवरच्या मुलाने तो उघडूनसुद्धा बघितला नाही, "सर बॅटरी बदलून नाही मिळत, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या". २४ हजार भागिले ४८ महिने. महिना पाचशे रुपये भाडं भरत होतो मी, आणि समजत होतो वस्तू माझीये.

आता दुसरा. सेनहायझर कंपनीचा वायरवाला एचडी ६००. हे मॉडेल १९९७ सालचं, अजून विकतात. मी २०१६ ला सेकंडहँड घेतला, तेरा हजाराला. बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही, काही नाही. पॅड दोनदा बदलले, वायर एकदा, सगळे पार्ट सुटे निघतात आणि सुटे मिळतात. एकदा जॅक तुटला तर पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास एका टपरीवर काकांनी डाग मारून दिला, साठ रुपये. (या कंपनीचा हेडफोनचा धंदा २०२१ साली सोनोव्हाने घ्यायचा करार केला, आणि सोनोव्हा मूळची श्रवणयंत्रं बनवणारी. म्हणजे आधी हे घ्या, नंतर तेही आमच्याकडेच घ्या!)

पण हाही कोणी आंधळेपणाने घेऊ नका. नवीन असतो तेव्हा डोकं शिकंज्यात धरल्यासारखा चावतो म्हणतात, माझा आधीच्या मालकाने ढिला करून दिला होता. मागून उघडा, त्यामुळे पंखा, कुत्रा, दारावरची बेल सगळं आत येतं आणि आपलं गाणं बाहेर जातं, बायको शेजारी झोपली असेल तर विसरा. शिवाय ३०० ओमचा, म्हणजे वाजवायला जोर जास्त लागतो, साध्या फोनवर मरतुकडा वाजतो, त्याला सहा हजाराचा वेगळा अँप (आवाजाला जोर देणारा डबा) घ्यावा लागला तो खर्च मी बायकोला उशिरा सांगितला.

तरीही का ठेवलाय? तानपुऱ्यासाठी. स्वस्त हेडफोनवर तानपुरा म्हणजे मागे एक गुणगुण असते, फ्रिज चालू असल्यासारखी. यावर आधी पंचम, मग जोडाच्या दोन तारा आणि मग खर्ज, चारही वेगळ्या सुटलेल्या कळतात. खर्जाची तार छेडल्यावर जवारीतून, म्हणजे तार घोडीवर जिथे घासते तिथून, तो जो झणत्कार हळूहळू उमलतो ना, तो संपायच्या आत पुन्हा पंचम येतो. पेटीवाल्याच्या भात्याचा श्वास ऐकू येतो. पहिल्या रांगेत कोणीतरी खोकतो, गवई जरा थांबतो. रात्री घर झोपल्यावर मी बाहेरच्या खोलीत फक्त हेच ऐकत बसतो, बंदिश सुरू झाली नाही तरी चालतं. पण तीच मैफल कोणीतरी कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेली असेल तर त्याच हेडफोनवर पाऊस पडल्यासारखी खरखर येते, आणि अकराशेवाल्यावर ती जास्त सुसह्य वाटते. महाग हेडफोन रेकॉर्डिंग सुधारत नाही, त्याची लक्तरं दाखवतो.

म्हणून भाच्याला एवढंच लिहिलं की तुझं ऐकणं निम्मं पॉडकास्ट आणि निम्मं जिममधलं, तुला हवीये ती ट्रेनमधली शांतता, तर आठ-दहा हजारात त्यातली बरीचशी मिळेल. तीस द्यायचेच असतील तर खुशाल दे, तुझे पैसे, फक्त आवाजासाठी देतोय असं समजून देऊ नकोस. आणि घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघ, पॅड सुटे मिळतात का आणि बॅटरी गेली की काय करायचं.

काल त्याचा मेसेज आला. घेतले. नो कॉस्ट ईएमआय, पहिला हप्ता पाच तारखेला. मी विचारलं, पॅड सुटे मिळतात का बघितलंस?

"मामा, काळा रंग होता ना, तो स्टॉकमध्ये एकच उरला होता."